सतराव्या वर्षी वर्ल्ड कप... मग पुढे काय, बॉस?

कोल्हापुरात जन्म, बालेवाडीत ट्रेनिंग, दिल्लीत वर्ल्ड कप आणि गोव्यात ट्रॉफी. अनिकेत जाधव नावाच्या विंगरचा बायोडेटा वाचताना तुम्हाला स्वतःचा आठवला, तर नवल नाही!

कर्वेनगरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहता? मग तुमच्या नाहीतर शेजारच्या फ्लॅटमध्ये एक तरी कोल्हापूरकर असणारच. मेसच्या आमटीला नावं ठेवणारा, पुण्याच्या मिसळीला मिसळ म्हणायला तयार नसणारा आणि सकाळी ऑफिस असूनही रात्री दीडला चॅम्पियन्स लीगची मॅच लावून बसणारा. त्याला एकदा सहज विचारून बघा, ‘तुमच्याकडे कुस्ती फेमस ना रे?’ कुस्तीवर तो दोन मिनिटं बोलेल. मग फुटबॉलवर अर्धा तास. आणि त्या अर्ध्या तासात कधीतरी एक नाव नक्की येईल... अनिकेत जाधव.

नाव ओळखीचं वाटतंय, पण नक्की आठवत नाही? चालायचंच. आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की मेस्सी, रोनाल्डो आणि फार तर सुनील छेत्री. पण ही स्टोरी वाचाच. कारण ती फुटबॉलची जेवढी आहे, तेवढीच पहिल्या मोठ्या ब्रेकनंतर सुरू होणाऱ्या खऱ्या करिअरची आहे. कॅम्पस इंटरव्ह्यूत सिलेक्ट झालो, पेढे वाटले, आणि मग सोमवार उजाडला... हे फीलिंग ज्याला ठाऊक आहे, त्याच्यासाठी!

पेठेचा गेम

अनिकेतचा जन्म १३ जुलै २००० चा, कोल्हापूरचा. घरची परिस्थिती साधी, वडील रिक्षा चालवणारे. पण गाव मात्र फुटबॉलवेडं. आणि हे वेड टीव्हीवरून आलेलं नाही. आपल्याकडे जसं गल्लोगल्ली गणपती मंडळ, तसा तिथे पेठेपेठेत फुटबॉलचा संघ. संघांची नावंसुद्धा कशी खणखणीत! पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ. कुस्तीच्या तालमींची नावं पाठीवर घेऊन फुटबॉल खेळणारं असं दुसरं गाव शोधून सापडणार नाही.

सामने होतात छत्रपती शाहू स्टेडियमवर, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये. मोठ्या मॅचला गॅलरी गच्च. तिथे ‘ईर्ष्या’ हा शब्द कौतुकानं वापरतात. समोरची पेठ हरली पाहिजे, मग आपली पोरं पुढचं वर्षभर मान वर करून फिरणार! आणि चार वर्षांनी वर्ल्ड कप आला, की त्याच गल्ल्यांमध्ये ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात.

अशा गावात पायात वेग असलेलं पोरगं फार दिवस लपून राहत नाही. अनिकेतही राहिला नाही. शाळकरी वयातच तो क्रीडा प्रबोधिनीत निवडला गेला आणि बॅग भरून पुण्यात आला. शिकायला किंवा नोकरीला पुण्यात येणारे आपण सगळे एसटीतून उतरतो तेव्हा निदान अठरा-वीसचे तरी असतो. हा आला तो त्याच्याही कितीतरी आधी.

मुक्काम पोस्ट बालेवाडी

कर्वेनगरातून वारज्याला बाहेर पडा, हायवे धरा, चांदणी चौक मागे टाका आणि बाणेरच्या पुढे बालेवाडी. ट्रॅफिक नसेल तर अर्धा तास. (ट्रॅफिक असतोच, तो भाग वेगळा!) तिथलं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी उभं राहिलं. आपण तिथे मॅरेथॉनला किंवा एखाद्या कॉन्सर्टला जातो. पण तिथेच क्रीडा प्रबोधिनीची पोरं राहतात. राज्य सरकारची ही निवासी योजना. गावोगावची मुलं चाचण्या घेऊन निवडायची; राहणं, खाणं, शाळा आणि रोजचा सराव एकाच ठिकाणी. ज्या घराला बुटांची किंमतही विचार करून मोजावी लागते, त्या घरातल्या पोरासाठी हे दार केवढं मोठं, हे वेगळं सांगायला नको.

त्याच काळात पुण्यात आणखी एक गोष्ट जमून आली होती. २००७ मध्ये पुणे एफसी नावाचा प्रोफेशनल क्लब सुरू झाला होता. घरचं मैदान बालेवाडीच. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये हा क्लब थेट दुसरा आला! त्यांची अकादमीही जोरात होती. प्रबोधिनीतून अनिकेत या अकादमीत आला आणि तिथून भारताच्या १७ वर्षांखालील संघापर्यंत पोचला. कोल्हापूरची रग आणि पुण्याची शिस्त असं एकदम सॉलिड कॉम्बिनेशन.

विंगर म्हणजे नेमका कोण?

आता जरा बेसिक क्लिअर करू, म्हणजे पुढची मजा कळेल. मैदानाच्या दोन्ही बाजूंना पांढरी रेघ असते, टचलाइन. त्या रेघेला चिकटून पळणारा तो विंगर. त्याच्यासमोर बहुतेक वेळा एकच माणूस असतो, समोरच्या संघाचा फुलबॅक. त्याला चकवून पुढे जायचं आणि मध्ये धावत येणाऱ्या स्ट्रायकरला बॉल द्यायचा, हे जुन्या विंगरचं काम. कबड्डीतला रेडर आठवा. मागे सगळी टीम असते, पण त्या क्षणी तो एकटा.

आजचा विंगर आणखी एक गोष्ट करतो. रेघेवरून एकदम आत घुसतो आणि स्वतःच गोलवर फटका मारतो. आणि बॉल गमावला, की उलटा पळत येऊन आपल्या फुलबॅकला मदतही करतो. म्हणजे एका माणसाला दोन पोझिशनचं काम, पगार एकाच पोझिशनचा. ओळखीचं वाटतंय ना?

विंगरची खरी अडचण वेगळीच आहे. बॉल त्याच्याकडे सतत येत नाही. दहा-दहा मिनिटं नुसतं कडेला उभं राहायचं, आणि आला की दोन सेकंदांत काहीतरी करून दाखवायचं. चारपैकी तीनदा बॉल जातो, लोक ओरडतात. चौथ्यांदा माणूस निघून जातो आणि तेच लोक नाचतात! ब्राझीलचा गारिंचा वाकड्या पायांनी हेच करायचा आणि १९५८, १९६२ असे दोन वर्ल्ड कप जिंकून बसला. इंग्लंडच्या स्टॅनली मॅथ्यूजला १९५६ मध्ये पहिलावहिला बॅलन डी’ओर मिळाला आणि तो पन्नाशीपर्यंत टॉपच्या लीगमध्ये खेळला. आपले पी. के. बॅनर्जीही विंगरच. १९६२ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये भारतानं फायनलमध्ये दक्षिण कोरियाला २-१ नं हरवून गोल्ड जिंकलं, त्यातला एक गोल पीकेंचा. आणि गंमत म्हणजे हा माणूस कोलकात्याच्या तिन्ही बड्या क्लबांपैकी एकाकडूनही न खेळता ईस्टर्न रेल्वेच्या संघातून खेळत राहिला.

ऑक्टोबर २०१७

फिफाचा १७ वर्षांखालील वर्ल्ड कप भारतात! यजमान म्हणून आपल्याला थेट एंट्री. कोणत्याही वयोगटातल्या फिफा वर्ल्ड कपमध्ये भारत पहिल्यांदाच खेळत होता. २१ जणांच्या संघात आठ पोरं एकट्या मणिपूरची. मराठी आडनावं दोन. मुंबईत जन्मलेला पण अमेरिकेत वाढलेला डिफेन्डर नमित देशपांडे, आणि फॉरवर्ड लाइनमध्ये आपला अनिकेत जाधव.

निकाल सांगायचे तर तिन्ही मॅच हरलो. ६ ऑक्टोबरला अमेरिकेकडून ०-३, ९ ला कोलंबियाकडून १-२, १२ ला घानाकडून ०-४. पण कोलंबियाची ती मॅच ज्यांनी पाहिली, ते अजून विसरलेले नाहीत. राहुल के. पी.चा फटका खांबाला लागून परत आला. मग ८२ व्या मिनिटाला जॅक्सन सिंगनं हेडर मारला... गोल! फिफा वर्ल्ड कपमध्ये भारताचा पहिलावहिला गोल. दिल्लीचं नेहरू स्टेडियम अक्षरशः हललं. आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं गोल ठोकून सगळ्यांना खाली बसवलं.

राहुल आणि जॅक्सन ही दोन नावं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहेत.

त्या महिन्यात ही पोरं स्टार झाली. पेपरात फोटो, चॅनेलवर मुलाखती, घरी पाहुण्यांची रीघ. आणि मग वर्ल्ड कप संपला. फुटबॉलमध्ये १७ वर्षांखालील स्टार हा १८ वर्षांचा झाला, की पुन्हा फ्रेशर असतो. फेडरेशननं त्यातल्या बऱ्याच पोरांना ‘इंडियन ॲरोज’ या संघात एकत्र ठेवून आय-लीगमध्ये उतरवलं. समोर पगारी, कसलेले, वयानं दहा-दहा वर्षांनी मोठे खेळाडू. २९ नोव्हेंबर २०१७ ला गोव्यात पहिली मॅच झाली, चेन्नई सिटीविरुद्ध. ॲरोज ३-० नं जिंकले आणि त्यात दोन गोल अनिकेतचे. पहिल्याच दिवशी टार्गेट पूर्ण. झक्कास!

मोठ्या दिवशी लाल कार्ड

आता या गोष्टीतला खरा टर्न. ऑगस्ट २०१८, स्पेनमधली कोटिफ कप स्पर्धा. भारताचा २० वर्षांखालील संघ विरुद्ध अर्जेंटिनाचा २० वर्षांखालील संघ. अर्जेंटिनाच्या बाकावर कोच म्हणून कोण होतं माहितीय? लिओनेल स्कालोनी. हो, तोच! चार वर्षांनी कतारमध्ये मेस्सीच्या टीमला वर्ल्ड कप जिंकून देणारा.

दीपक टांगरीनं चौथ्या मिनिटाला गोल करून भारताला पुढे नेलं. पण दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच अनिकेतला लाल कार्ड. बाहेर! दहा जणांनिशी उरलेली मॅच काढायची, तीही अर्जेंटिनासमोर. मग ६८ व्या मिनिटाला अन्वर अलीनं अफलातून फ्री किक मारली. अर्जेंटिनानं एक गोल फेडला, पण स्कोअर २-१ वर थांबला. भारत जिंकला.

जरा कल्पना करा. तुमच्या पिढीचा सगळ्यात मोठा विजय. टीम मैदानात झुंजतेय आणि तुम्ही आत नाही. तुमच्यामुळेच ते दहा जण उरलेत. जिंकल्यावर आनंद तर होणारच, पण त्या आनंदात एक बारीक काटाही असणार. आपल्यातल्या किती जणांनी असा प्रोजेक्ट अनुभवलाय, जो आपण नसताना हिट झाला? अठराव्या वर्षी हे पचवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला जायचं, ही गोष्ट हायलाइट्समध्ये दिसत नाही. करिअर मात्र बहुतेक वेळा अशाच दिवसांवर उभं राहतं.

व्हाया ब्लॅकबर्न

२०१९ मध्ये अनिकेत सरावासाठी थेट इंग्लंडला गेला, ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे. या क्लबचं पुणे कनेक्शन ठाऊक आहे का? नोव्हेंबर २०१० मध्ये तो विकत घेतला आपल्या पुण्याच्या ‘वेंकीज’नं. हो, चिकनवाले वेंकीजच! त्यांच्या हातात आल्यावर दोन वर्षांच्या आतच, २०१२ मध्ये, क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला आणि तिथले फॅन्स भडकले, ती स्टोरी वेगळी. पण कोल्हापूरच्या, बालेवाडीत घडलेल्या पोरासाठी लँकशरच्या गारठ्यातलं ते मैदान म्हणजे केवढी उडी!

परत आल्यावर आयएसएल. आधी जमशेदपूर एफसी. ज्युनियर संघांत पुढे स्ट्रायकरसारखा खेळणारा अनिकेत इथे मुख्यतः कडेला, विंगवर दिसू लागला. आयएसएलच्या क्लबांत गोल करण्याची पोझिशन सहसा परदेशी स्ट्रायकरकडे जाते. देशी पोरानं टिकायचं तर कडेची जागा स्वतःची करून घ्यायची. पळायचं, मागे येऊन डिफेन्स करायचा, बॉल दुसऱ्याला द्यायचा. कधी पहिल्या अकरात, कधी साठाव्या मिनिटाला बदली म्हणून. आपल्या भाषेत सांगायचं तर रोल बदलला. खुर्ची तीच हवी म्हणून अडून बसण्यापेक्षा नवं काम शिकून घेणं जास्त शहाणपणाचं, हे कॉर्पोरेटमध्ये कळायला काहींना दहा वर्षं लागतात.

फातोर्ड्याची रात्र

२०२१ मध्ये अनिकेत हैदराबाद एफसीत आला. कोच मानोलो मार्केझ. टीम तरुण, खेळ वेगवान. आणि २० मार्च २०२२ ला गोव्याच्या फातोर्डा स्टेडियमवर आयएसएलची फायनल, हैदराबाद विरुद्ध केरला ब्लास्टर्स.

६८ व्या मिनिटाला केरळचा गोल. मारणारा कोण? राहुल के. पी.! २०१७ मध्ये ज्याचा फटका खांबाला लागला होता, तोच. ८८ व्या मिनिटाला हैदराबादच्या साहिल तावोरानं बरोबरी साधली. शेवटी पेनल्टी शूटआउट. हैदराबादच्या गोलमध्ये गोव्याचा लक्ष्मीकांत कट्टीमणी. त्यानं पेनल्टीमागून पेनल्टी अडवली. अडवलेल्यांपैकी एक होती जॅक्सन सिंगची. भारताचा पहिला वर्ल्ड कप गोल करणाऱ्या पोराची! हैदराबाद ३-१ नं जिंकलं आणि चॅम्पियन झालं.

म्हणजे बघा, साडेचार वर्षांपूर्वी दिल्लीत एकाच रंगाची जर्सी घातलेली तीन पोरं. एकानं फायनलमध्ये गोल मारला आणि हरला. एकाची पेनल्टी अडली. आणि तिसरा, आपला कोल्हापूरकर, चॅम्पियन संघात. त्याच महिन्यात बहरीन दौऱ्यासाठी सीनियर भारतीय संघातही अनिकेतचं नाव आलं. जगाला वाटतं, सतराव्या वर्षी पोरगं ‘पोचलं’. प्रत्यक्षात तिथून इथवर यायला चार शहरं, एक परदेशवारी, एक लाल कार्ड आणि बेंचवर काढलेल्या कितीतरी संध्याकाळी लागल्या. पुढेही क्लब बदलत राहिले. प्रोफेशनल फुटबॉलमध्ये तेच नॉर्मल आहे, जसं हिंजवडीत.

पण पुण्याचं काय?

आता मुद्द्याचं आणि जरा टोचणारं. हा हैदराबाद एफसी आला कुठून? पुण्यातून!

हिशेब असा. पुणे एफसी, ज्याच्या अकादमीत अनिकेत घडला, तो क्लब २०१५ मध्ये बंद झाला. लोणी काळभोरला लिव्हरपूलशी टायअप करून मोठी अकादमी काढणारा डीएसके शिवाजियन्स २०१५ ते २०१७ असे दोन सीझन आय-लीग खेळला आणि २०१७ मध्ये थांबला. २०१४ मध्ये गाजावाजा करत आलेला, हृतिक रोशन सहमालक असलेला एफसी पुणे सिटी २०१७-१८ मध्ये आयएसएलच्या सेमीफायनलला पोचला आणि पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, गुंडाळला गेला. त्याची आयएसएलमधली जागा घेतली हैदराबादनं. आणि २०२५ मध्ये हैदराबादचा क्लबही हलला, दिल्लीला.

म्हणजे चार वर्षांत तीन क्लब गायब. बालेवाडीत शिकलेल्या पोरानं ट्रॉफी उचलली ती पुण्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या क्लबसाठी. योगायोग म्हणून भारी आहे, पुणेकर म्हणून मात्र हसू येत नाही.

क्लब का बंद पडतात? गणित सोपं आहे. खेळाडूंचे पगार, विमान प्रवास, हॉटेल, मैदानाचं भाडं हे सगळं दर महिन्याला जातं; येतं ते स्पॉन्सरकडून आणि टीव्हीच्या पैशातून. तिकिटांवर क्लब चालत नाही. मालकाचा मूळ धंदा डगमगला की पहिली कुऱ्हाड टीमवर. देशातली टॉपची लीगसुद्धा याला अपवाद नाही. करारांचा घोळ मिटेना म्हणून जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा आख्खा सीझन लांबणीवर टाकावा लागला होता.

आणि इथेच कोल्हापूर पुण्याला काहीतरी शिकवून जातं. पाटाकडील किंवा दिलबहारच्या मागे कुठली कॉर्पोरेट कंपनी नाही. मागे पेठ आहे. मालक बदलला म्हणून पेठ गाव सोडून जात नाही. हे संघ श्रीमंत नाहीत आणि त्यांच्या जोरावर कोणी युरोपला जाणार नाही, हे खरं. कोल्हापूरच्या पोराला मोठं व्हायला पुण्यात यावंच लागलं, हेही खरं. पण पुण्याकडे होस्टेल आहे, मैदान आहे, अकादमीचा अनुभव आहे. नाही ती एकच गोष्ट... ‘आपली टीम’ म्हणणारी माणसं. ती आली, तर कदाचित पुढच्या अनिकेतला पुण्यात घडून पुण्यातच खेळता येईल.

मग आपण काय करायचं?

फार काही नाही. पुणे जिल्हा फुटबॉल असोसिएशनच्या, म्हणजे पीडीएफएच्या, लीगचे सामने शहरात होतच असतात. एखाद्या रविवारी ब्रंच थोडा पुढे ढकला आणि जाऊन बघा. किंवा त्या रूममेटसोबत सीझनमध्ये कोल्हापूर गाठा. सकाळी मिसळ, दुपारी शाहू स्टेडियम, रात्री तांबडा-पांढरा. यापेक्षा चांगला वीकेंड प्लॅन कोणत्याही ॲपवर सापडणार नाही!

आणि टर्फवर ऑफिसची टीम पाडाल, तेव्हा एक गोष्ट करा. आपल्यात सगळ्यांना स्ट्रायकर व्हायचं असतं, आणि जो नवीन असतो किंवा कमी बोलतो त्याला आपण ढकलतो कडेला. या वेळी त्याला जरा जास्त वेळा बॉल द्या. तीनदा घालवेल. घालवू दे. चौथ्यांदा काय करतो ते बघा!